मेंढीनं लावलेला शोध

"मामा, थांब! आम्हीपण येणार घोडेगावला!" पंकजा ओरडली. तिच्यामागोमाग तिचा भाऊ अमृत आणि मामाची मुलगी संस्कृती, अशी सगळी वरात टेम्पोत चढली.

काम तसंच निकडीचं होतं. मच्छिंद्रबाबा, म्हणजे आजोबा, घरातल्या खड्ड्यात पाय सोडून हातमागावर घोंगडं विणत होते. वीतभर काठ तेवढा राहिला होता. त्याला हवं होतं जावळ, कोकराची पहिली मऊ लोकर. बाबांनी पिंजून ठेवलेल्या जावळाचं पोतं कालपासून गायब!

"आता जावळ मिळतंय कुठं? रविवारपर्यंत न्हाई गावलं, तर मागाचा खड्डा बुजवा," बाबा म्हणाले होते. रामहरीमामानं लगेच दारात मुरूमही आणून टाकला. त्याला तिथं फ्रिज ठेवायचा होता ना! पण याच सुट्टीत बाबा पंकजाला विणायला शिकवणार होते. तिला तर रडूच येत होतं.

घोडेगावच्या बाजारात मेंढरं ढीगभर, जावळ मात्र चिमूटभरही नाही.

"लोकर? ती कोन घेतंय आता?" एक मेंढपाळ हसला. "आमी उकिरड्यावर टाकतो!"

परतताना दुपारच्या उन्हात टेम्पो डुलत होता. मामाशेजारी बसल्या बसल्या पंकजाचा डोळा लागला. स्वप्नात काळे ढग अलगद खाली उतरले. बाबा खड्ड्यात पाय सोडून ते विणत होते आणि सगळीकडे लोकरीचा उबदार वास भरून राहिला होता. ती जागी झाली, तरी वास तसाच! आणि एरवी वाटभर पाठीच्या नावानं कण्हणारा मामा चक्क गुणगुणत होता!

गावाजवळ आसाराम धनगराचा कळप आडवा आला. टेम्पो थांबला. एक मेंढी थेट दाराशी येऊन बें बें करू लागली. काही केल्या हटेना!

"अगं, ही तर त्या काळ्या कोकराची आई!" संस्कृती म्हणाली. बाबांनी त्याचंच जावळ आणलं होतं!

पंकजाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिनं अमृतला चिमटा काढला.

"मामा, मागचं टायर बसलंय वाटतं!" अमृत ओरडला.

मामा खाली उतरला आणि पोरींनी त्याच्या सीटवरची गोधडी उचलली. खाली पोतं!

"मला वाटलं, हे दुसरंच, टाकाऊ लोकरीचं हाय," मामा डोकं खाजवत म्हणाला. "पाठीला लई आराम पडत हुता गं!"

"म्हणजे जे शोधायला गेलो, त्याच्यावरच बसून गेलो!" अमृत खो खो हसला.

रविवारी काठ पुरा झाला. बाबांनी घोंगडं तिन्ही पोरांच्या खांद्यांवर एकदमच टाकलं. "मोठ्यांस्नी न्हाई दिसलं, ते माझ्या पोरांनी हुडकलं!" मग पंकजाला त्यांनी मागावर बसवलं. तिचे पाय खड्ड्यात लोंबकळतच राहिले.

बाबांनी मामाला हाक मारली. "रामहरी, मुरूम आनलाच हाय, तर दोन पाट्या टाक हितं. पोरीचं पाय पुरंनात."