पहिली मूठ पूर्वेला

घोडेगावकडून सायकल दामटत सारा रानाशी पोचली, तर बांधावर एक अनोळखी तरुण सुतळीत पाय अडकवून उभा. धड पुढे नाही, धड मागे नाही.

"सोडवू का... की गंमत बघू?"

"आधी गंमत बघा," तो म्हणाला. "सुतळी कुठं जात नाही. मीपण."

राहुरीच्या कृषी विद्यापीठातून आलेला हा योहान. साराच्या अप्पांच्या रानात ज्वारीच्या पाच वाणांची परीक्षा घ्यायची होती त्याला. सारानं गाठ सोडली. त्याच्या घोट्याला बोटं लागली, अन् कान मात्र तिचेच तापले.

"पाच आडव्या ओळी, पाच उभ्या रांगा," त्यानं सांगितलं. "कुठलाही वाण ओळीत एकदाच, रांगेत एकदाच. म्हणजे चांगली माती एकट्याच्या वाट्याला येत नाही. दोनएकशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका गणितज्ञानं कागदावर असे चौकोन मांडले..."

आज पेपरातलं सुडोकू सोडवताना आपण डोकं खाजवतो ना, त्याचं मूळ याच चौकोनात. साराला सुडोकूचं नाव कुठलं ठाऊक असायला. तिनं फुटक्या बांगड्यांच्या पाच रंगांच्या काचा गोळा केल्या आणि मातीवर मांडत सुटली. हिरवी इथं, मग तिच्याखाली नको... योहान चौकोन कमी, तिची बोटंच जास्त बघत होता.

"सापडली चूक?"

"शोधतोय... सापडू नये असं वाटतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर आफत. खुंट्या ठोकून आखलेल्या चौकोनातली पूर्वेच्या बांधालगतची सबंध रांग अप्पांनी घरच्या ज्वारीनं पेरून टाकलेली.

"पयली मूठ घरच्या बियान्याची, पूर्वेला. आमच्यात आज्यापास्नं हाय," अप्पा म्हणाले. "तुमच्या चौकोनाला काय तरास त्याचा?"

योहान मटकन खाली बसला. दुपारी विद्यापीठाचे साहेब बघायला येणार. मांडणी बिघडलेली दिसली की प्रयोग दुसऱ्या तालुक्यात, आणि योहानही तिकडंच.

रानावर एकदा नजर फिरवून सारा म्हणाली, "अप्पांची रांग राहू द्या. खुंट्या हलवा."

"कुठं?"

"पश्चिमेला, एक रांग. तिकडं रान मोकळंच आहे. घरची ज्वारी चौकोनाबाहेर, राखणीला."

"कडेला तशीही एक रांग सोडावीच लागते..." योहान उठलाच. तिघांनी मिळून सुतळ्या ओढल्या.

साहेबांनी वाकून, मोजून पाहिलं. "चोख आहे. कुणी मांडलं?"

"सारानं," योहान म्हणाला, जणू बक्षीस त्यालाच मिळालंय.

"पोरगी माजी हाय," अप्पांनी पटका सावरत न विचारता सांगितलं. मग जीपपर्यंत जाऊन परत एकदा सांगितलं.

सारा ताठ उभी होती. सगळं रान आज तिच्याकडे बघत होतं.

"कापणीपर्यंत आता इथंच," योहान हळूच म्हणाला. "आणि त्यानंतरही... राहिलो तर?"

सारानं हिरवी काच त्याच्या तळहातावर ठेवली. "नियम ठाऊक आहे ना? ओळीत एकदाच."

"रांगेतही एकदाच." त्यानं मूठ मिटली. "अप्पांना विचारायला कधी येऊ?"

"कधीही या... फक्त पूर्वेच्या बांधावरून," ती सायकलवर टांग टाकत म्हणाली. "आमच्यात तसंच असतं."