तातेरावचं बोट

रविवारी सकाळी वडीगोद्रीच्या ओढ्यात तातेरावचं प्रेत सापडलं. डोकं कुऱ्हाडीनं फोडलेलं. डाव्या हाताचं, अंगठ्याशेजारचं बोट मुळापासून तोडलेलं. फौजदार मुळ्यांनी सगळं गवत चाचपलं, पण बोट मिळालं नाही.

"अंगठीसाठी तोडलं असंल," भुजंगराव म्हणाले. ते पंचायत समितीचे उमेदवार. बुधवारी मतदान, त्यामुळे गावात कुणी शिंकलं तरी हजर. "ह्यानंच कुठनं तरी चोरलेली असणार. जल्दी मिटवा, साहेब."

मुळ्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रेत उचललंही नव्हतं, अन् हा त्याला चोर ठरवून मोकळा.

बौद्धवाड्यात तातेरावची बायको चांगुणाबाई भिंतीला टेकून बसली होती.

"अंगठी होती त्याला?"

"बोटात दोरा बी न्हवता, सायेब."

"काल काय झालं?"

"भुजंगरावच्या ट्रकात मजुरीला गोदेपल्याड गेल्ते. आले अन् जेवलेच न्हाईत. म्हणले, तहसीलदाराला दाखवायला चाललो."

"काय दाखवायला?"

"काय म्हाईत. हात तर रिकामेच व्हते. चोर म्हणू नका त्यायला, येवढंच."

भुजंगरावांच्या ओसरीवर चार गडी भाकरी खात होते. सगळ्यांचे डावे हात घोंगडीखाली.

"काल ट्रक कुठं गेला होता?" मुळ्यांनी भुजंगरावांना विचारलं.

"राक्षसभुवनला. शनिवार व्हता, गड्यायला दर्शन घडवलं."

"तातेरावलाही?"

"बिलकुल. माझ्या शेजारी उभं राहून त्यानं शनीला तेल वाह्यलं."

"छप्पन्न साली ज्या घरानं देव नदीत सोडले, त्या घरचा माणूस शनीला तेल वाहील? थाप मारायची तर गावातली माणसं तरी ओळखायची, भुजंगराव."

भुजंगराव उठून उभे राहिले.

"काल पल्याड बीड जिल्ह्यात मतदान होतं. तिथं तुमचा साडू उभा. तुमचे गडी तिकडं मेलेल्यांच्या नावानं मतं टाकून आले. बुधवारी त्याचे गडी इकडं येणार. तातेरावला मजुरी सांगून नेलं, दमात घेऊन मत टाकायला लावलं. इकडं मतदान व्हायचंय, तरी त्याच्या बोटाला शाई. तेच तो दाखवायला निघाला होता. म्हणून तुम्ही माणूस मारला अन् बोट नेलं."

म्हाताऱ्या पुंजाराम गड्यानं घोंगडीतून हात काढला. बोटावर काळी रेघ होती.

"कुऱ्हाड मालकानंच चालवली, साहेब. मी पाह्यलं. बोट कडब्यात हाय."

भुजंगरावनं त्याच्या तोंडावर लाथ घातली. दात सांडले. मुळ्यांनी भुजंगरावला खांबावर आपटून बेड्या ठोकल्या.

बुधवारी पल्याडचा ट्रक आलाच. मुळ्यांनी तो पुलावरूनच परत पाठवला.

चांगुणाबाई मत देऊन निघाली. शाईचं बोट वर धरून ती भुजंगरावच्या ओसरीपुढून चालत घरी गेली.