मॅरेनच्या दम्याची चौकशी

कल्पना करा, तुमची छाती आवळली आहे, श्वास आत जाईना, आणि दवाखान्याच्या खिडकीतली बाई म्हणते आहे, "हा विमा चालणार नाही."

नऊ वर्षांच्या मॅरेनचं नेमकं हेच झालं. ती जरा बरी होताच जानेवारीच्या बर्फातून तिचे वडील तिला घेऊन ऑडेसा ट्रुइट या गुप्तहेर बाईंकडे आले. शेजारी ऑडेसाचा धाकटा भाऊ व्हर्लिन बसला होता. निवृत्त बसचालक, मनानं साधा.

"मी पियानो जुळवतो," वडील, टोबिन लास्कर, म्हणाले. "नोकरी नाही, की मालक विमा देईल; म्हणून तो माझा मीच घ्यायचा. कमाई मर्यादेच्या जराशीच वर, त्यामुळे सरकारी सवलत शून्य. गावातल्या दोन्ही एजंटांकडे नुसता हप्ता विचारला आणि नंबर ठेवून आलो. मग फोन आला, सगळं भरून देणारा विमा, निम्म्या हप्त्यात. घेतला. आता तो फोन बंद आहे. आणि माझा नंबर होता फक्त त्या दोघांकडे."

"फोनवरचा दादा चांगला होता," मॅरेन हळूच म्हणाली. "बाबांनी मला फोन दिला. त्यानं माझ्या दम्याची किती चौकशी केली!" मग तिचा आवाज बारीक झाला. "माझ्या दम्यामुळेच झालं का हे?"

"यंदाच्या विम्याची नोंदणी अजून चार दिवस चालू आहे," ऑडेसा उठत म्हणाली. "व्हर्लिन, चल. आज तू गिऱ्हाईक."

एजंट ऑरिन स्टबीनं मानही वर केली नाही. "वय? राहता कुठल्या काउंटीत? तंबाखू?"

"माझा गुडघा फार..."

"गुडघा मी विचारला नाही." त्यानं असा हप्ता सांगितला की थंडीत व्हर्लिनला घाम फुटला.

दुसरी एजंट डेल्फीन को हिनं मात्र कॉफी दिली, दालचिनीची बिस्किटं दिली. "अगंबाई, किती लंगडताय! कधीपासून दुखतंय? साखर आहे? रक्तदाब?" हप्ता निम्म्याहून कमी.

"ताई, चोर तो खडूसच," बाहेर येताच व्हर्लिन म्हणाला. "डेल्फीन देवमाणूस. आईनंतर माझी एवढी विचारपूस कुणी केली नव्हती."

"तिथेच तर फसलास, बाळ्या."

संध्याकाळी लास्कर बापलेकीसमोर ऑडेसानं उलगडा केला. "कायद्याला धरून असलेल्या पक्क्या विम्यात आजार विचारायची सोयच नाही. वय, राहायची जागा, तंबाखू, यांवर हप्ता ठरतो. आजारी माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून तर तो महाग. मग आजार कोण विचारेल?"

"ज्याला त्याचे पैसे द्यायचे नाहीत तो," टोबिन पुटपुटला.

"बरोबर. फोनवर दमा विचारला. आज डेल्फीननं गुडघा विचारला. दोघांपैकी आजार विचारून विकलेला तसला खोटा माल तिच्याच दुकानात आहे. मी राज्याच्या विमा कार्यालयाला कळवलं. त्यांची माणसं दुपारीच आली, आणि त्यांच्यासमोर तिनं फोन करणाऱ्या भाडोत्री पोराचं नाव सांगून टाकलं."

व्हर्लिनच्या खिशात तिचं एक बिस्किट उरलं होतं. त्यानं ते गपचूप केराच्या डब्यात टाकलं.

"आणि तुझा दमा," ऑडेसा मॅरेनला म्हणाली, "हा माझा साक्षीदार. त्याच्यामुळेच ती सापडली."

दुसऱ्या दिवशी टोबिन स्टबीसमोर बसले. महागड्या हप्त्यासाठी मासेमारीची लाडकी होडी त्यांनी सकाळीच विकायला काढली होती. स्टबीनं दोघांची वयं विचारली, काउंटी विचारली, तंबाखू विचारली. मॅरेन वाट पाहत राहिली.

"माझं काय दुखतं ते नाही विचारणार?"

"नाही," स्टबी म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्यानं मान वर केली.

मॅरेननं खुर्ची पुढे ओढली आणि आपल्या दम्याची गोष्ट त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.