पुतळाआत्याच्या तारखा

पुतळाआत्याला सुक्या मासळीतला जवळा निवडायला डोळे लागत नसत. साखरेने दोन्ही डोळे नेले त्याला सहा वर्षं झाली होती, तरी सुपातला खडा तिच्या बोटांना बरोब्बर सापडायचा. कोपरखैरणे गावातलं त्यांचं घर तीन मजली. वर भाडेकरू, तळमजल्यावर आत्या आणि तिची दोन भाचरं, मितेश नि भाविका.

भाविका ब्लेझरवर पीएच.डी. करत होती. दूरच्या एखाद्या दीर्घिकेच्या पोटातलं कृष्णविवर प्रकाशाचा झोत फेकतं, आणि तो झोत नेमका आपल्याकडे रोखलेला असला की त्याला ब्लेझर म्हणतात. तो भडकतो, मंदावतो, पुन्हा भडकतो. भाविका अशा एकाच ब्लेझरचे रोजचे आकडे चार दुर्बिणींकडून घ्यायची आणि जेवणाच्या टेबलावर बसून एकाखाली एक मांडायची. गॅमा, क्ष-किरण, दृश्य प्रकाश, रेडिओ. चार ओळी, चार रंग.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळचे अकरा वाजले असतील, आत्याचे हात सुपातच थांबले. तिने मान वळवली आणि फ्रिजमागच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आज लय तापलाय."

"काय गं? कुकर?" भाविकाने विचारलं.

"नाय. त्यो."

दुसऱ्या दिवशी उपग्रहावरच्या दुर्बिणीचे आकडे आले. मंगळवारी सकाळी अकराला गॅमाची ओळ चौपट उसळली होती.

पहिल्यांदा भाविका हसली. दुसऱ्यांदा हसली नाही. तिसऱ्यांदा तिने फोनमधलं होकायंत्र आत्याच्या नाकासमोर धरलं. ब्लेझर त्या क्षणी आकाशात जिथे होता, आत्याचं तोंड तिकडेच होतं. तो मावळला की आत्याची मान खाली जायची, आणि तो पृथ्वीच्या पलीकडून सरकेल तसं तिचं तोंड फरशीवरून हळूहळू फिरायचं, विहिरीत डोकावल्यासारखं. हे शक्य नव्हतं. गॅमा किरण हवेतच अडतात. इथे तर फरशी होती, फरशीखाली भराव, भरावाखाली खाडीचा चिखल, आणि त्याखाली अख्खी पृथ्वी.

मग भाविकाने तारखा लिहायला घेतल्या. आत्या बोलली की दुर्बिणींचे आकडे यायच्या आत ती तारीख आणि वेळ गाईडना, सुनीतीमॅडमना, मेल करायची. मार्चपर्यंत नऊ तारखा झाल्या. नऊच्या नऊ खऱ्या. भाविकाने आलेखात पाचवी ओळ घातली, काळ्या रंगात.

मॅडमचा फोन आला. "ती ओळ काढ, भाविका. लोक हसतील."

"हसू देत. तारखा तुमच्याच मेलमध्ये आहेत ना? खोट्या असतील तर दाखवा."

"खोट्या नाहीत," मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच काढ म्हणतेय."

भाविकाने ओळ काढली नाही.

घरात मितेशचं वेगळंच टेन्शन. "भाडेकरू विचारतात मला, म्हातारी दिवसभर फरशीशी काय बोलते? भास आहेत ते. डॉक्टर बोलले ना?" डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या होत्या. आत्या त्या जिभेखाली धरायची आणि जवळ्याच्या कचऱ्यात थुंकायची.

"मी येडी नाय," ती भाविकाला म्हणाली. "निजले तर त्यो काय करतो ते मना कसा कलंल?"

शेवटी मितेशने पनवेलकडे एका वृद्धाश्रमात जागा ठरवली. शनिवारी दुपारी एक वाजता गाडी दारात आली.

आत्या तिच्या खोलीत चटईवर बसली होती. त्या खोलीत दिवा कधी लावलेलाच नसे, आणि खिडकीला चिकटून शेजारच्या इमारतीची भिंत. भर दुपारीही आत अंधार. भाविका दारात आडवी उभी राहिली.

"बाजूला हो, भावे. तमाशा नको."

"आत्या कुठे जाणार नाही. न्यायचंच असेल तर मलाही उचलून ने."

"तिचं बरं व्हावं म्हणूनच नेतोय ना?"

"तिला बरं नाही असं कोण बोललं?"

मागून आत्याचा आवाज आला. नेहमीचा नव्हता. मिठागरावर लांबच्या माणसाला हाक मारावी तसा होता.

"बगतोस? बग! मी पन बगतंय. मी काय भ्याले नाय तुला!"

ती फरशीकडे तोंड करून बोलत होती.

मितेश पुढे आला आणि उंबऱ्यातच थबकला. त्याची नजर फरशीवर नव्हती. वर होती.

भाविकाने वळून पाहिलं.

छतावर आत्याची सावली पडली होती.

खाली वाकलेलं डोकं, सुटलेला अंबाडा, मांडीवरचे हात. पंख्याच्या बाजूला, अंधाराहून काळी, स्वच्छ, रेखीव, फरशीखालून झोत यावा तशी. खोलीत उजेड मात्र कुठेच नव्हता. मितेशची सावली नव्हती. भाविकाची नव्हती.

मितेश मागे सरला आणि बाहेर निघून गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग तो आवाजही दूर गेला.

भाविकाने टेबलावरून पेन्सिल आणली, स्टूल ओढलं आणि चढली. आधी तिने छतावर वेळ लिहिली: एक वाजून सात मिनिटं.

"उतर," आत्या म्हणाली. "तुला बगंल त्यो."

"बघू दे," भाविका म्हणाली आणि सावलीच्या कडेने रेघ ओढू लागली.

आधी अंबाडा झाला. मग कान. मग मान.

रेघ खांद्यापाशी आली, तेव्हा पेन्सिलीशेजारी तिच्या बोटांची सावली पडायला लागली.