ऐंशीवर आलेला काटा

मामांची पाठ आखडली, म्हणून त्यांच्या जागी दुसऱ्या शाखेतून तो आला. मामा म्हणजे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या त्या ऑफिसातले जुने चालक. त्यांच्या शेजारी बसून तिने अडीच वर्षं आकडे टिपले होते, आणि इतके चोख टिपले होते की ऑफिसात तिचं नावच पडलं होतं, काटेकोर. त्या सकाळी गाडीची काच पुसणारा तरुण दिसला, तेव्हा लॅपटॉप उघडत ती म्हणाली, "काच झाली की बाजूला व्हा हं, चालक येतीलच."

"आलेत," फडक्याची घडी घालत तो म्हणाला. "त्यांना आल्या आल्या काच पुसायची खोड आहे."

ती कानापर्यंत लाल झाली.

काम सरळ होतं. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, हायवेवर शंभरचा वेग धरून टोल नाक्यापर्यंत जायचं, परत त्याच पंपावर येऊन पुन्हा टाकी भरायची. टर्बोची नवी गाडी किती आरपीएमला किती पेट्रोल पिते, ते मांडायचं. सहा दिवस, सहा फेऱ्या. मग तो आपल्या शाखेत परत जाणार होता.

दुसऱ्या दिवशी लांबलचक चढावर त्याने सहावा गिअर काही सोडला नाही.

"पाचवा टाका," ती म्हणाली.

"इंजिन जास्त फिरेल. पेट्रोल जाईल की."

"आत्ताच जास्त जातंय. इंजिन पेंगतंय, तुम्ही पाय दाबताय, आणि इंजिनात हवा भरणारा टर्बो बिचारा धापा टाकतोय. कमी फिरलं म्हणजे कमी प्यायलं, असं नसतं दरवेळी."

त्याने पाचवा टाकला. स्क्रीनवरचा आकडा खरंच उतरला.

"माझंही जरा टर्बोसारखंच आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "हवा भरेपर्यंत... गप्प."

"आणि भरल्यावर?"

"ते अजून कुणी बघितलं नाही."

तिने खिडकीकडे तोंड फिरवलं, पण काचेत तिचं हसू त्याला दिसलंच.

मग दिवस कसे गेले, कळलं नाही. सहाव्या दिवशी परतीच्या रस्त्याला ऊन कोवळं होतं. काटा शंभरावरून नव्वदवर आला, मग ऐंशीवर. इंजिन सोळाशे आरपीएमवर निवांत गुणगुणत होतं. तिने स्क्रीनवर सगळं पाहिलं. तोंड उघडलं... आणि मिटलं. शेजारून ट्रकसुद्धा पुढे जात होते.

सोमवारी ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी दोघांना बोलावलं. "पाच दिवस लिटरला अठरा, आणि शेवटच्या दिवशी वीस? गाडीने उपास धरला होता का?"

"चूक माझी," तो पटकन म्हणाला. "पाय हलका पडला."

"मग शेरा पडेल. चाचणीची गाडी पुन्हा मिळायची नाही तुम्हाला."

गप्प राहिलं तर तिचं नाव चोख राहणार होतं. त्याचं मात्र कामच जाणार होतं.

"बाई, वेग सांगायचं काम माझं होतं," ती म्हणाली. "मला ऐंशी दिसत होतं. मी बोलले नाही."

"काटेकोर, तू? का गं?"

"रस्ता... लवकर संपत होता. आणि मला तो संपायला नको होता."

तो तिच्याकडे बघतच राहिला. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, उगीचच एक कागद उलटा करून पाहिला.

"शेरा दोघांच्या नावावर, अर्धा अर्धा," त्या म्हणाल्या. "उद्या फेरी पुन्हा. शंभरने! आता जा, मला हसू येतंय."

जिन्यात तो दोन पायऱ्या खाली थांबला. आता दोघांचे डोळे एका रेषेत होते.

"टाकी पंपावर भरली की नोंद संपते ना?"

"संपते."

"मग पंपापासून ऑफिसपर्यंत... ऐंशी?"

"साठ," ती म्हणाली.