चव्वेचाळिसावी

"चाचणी-सतरा तुमचीच ना?"

लिफ्टमध्ये दोघंच होते, म्हणजे प्रश्न तिलाच होता. तिने वळून पाहिलं आणि हातातला चहा हिंदकळला. सर्व्हर सांभाळणारा, वरच्या मजल्यावरचा... आज अंगात तो निळा स्वेटर नव्हता, इतकंच. दोन महिने जिन्याच्या कठड्याआडून जेवढं बघता येईल तेवढं ती त्याला बघत होती.

"माझीच. पण ती मी केव्हाच पुसली."

पुसण्यात तिचा हात कुणी धरू शकत नसे. ऑफिसात तिला खोडरबरच म्हणत. दूरच्या सर्व्हरवर कोड ठेवायची नवी रिपॉझिटरी नीट तयार होते का, हे तपासायचं तिचं काम. रोज एक तयार करायची, 'चाचणी' आणि पुढचा आकडा असं नाव द्यायचं, बघायची, पुसायची, की दुसरी. प्रत्येकीला वर्णनाची एक ओळ लागे. पुसलीच जाणार आहे म्हटल्यावर बाईसाहेब मनात येईल ते लिहीत सुटायच्या.

"तुमच्या कॉम्प्युटरवरची प्रत पुसलीत," तो म्हणाला. "सर्व्हरवर सगळ्या तशाच आहेत. त्रेचाळीस."

"आणि वर्णनं... वाचलीत?"

"'डब्यात आज परत तेच, पण आईला सांगणार कोण.' ही छान होती." त्याच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. "सर्व्हर बदलतोय. उद्या सगळ्या पुसाव्या लागतील. एखादी ठेवायची असेल तर सांगा."

दार उघडलं आणि तो गेलासुद्धा.

एकतिसावी! 'निळा स्वेटर हसला की मी काय तपासत होते तेच विसरते.' ती धावतच जागेवर आली. सर्व्हरवरची यादी उघडली, एकतिसावीवर बोट नेलं... आणि ते तिथेच राहिलं. पुसली तर अब्रू वाचेल. पण त्याने वाचली असेल तर? आणि नसेल वाचली, तर त्याला कधी कळणारच नाही.

काहीच सुचेना, तेव्हा ती आपल्या कामाकडे वळली. नाव टाकलं, चाचणी-चव्वेचाळीस. बटण दाबलं. उत्तर आलं: या नावाची रिपॉझिटरी आधीच आहे.

आधीच? तिने तर केली नव्हती. तिने ती उघडली. वर्णनात लिहिलं होतं, 'स्वेटर धुवायला टाकलाय. तसाच आलो तर चालेल का? चार वाजता, खाली, चहाला.'

चारला पाच मिनिटं कमी असताना ती खाली पोचली, तर तो आधीच दोन कप घेऊन उभा.

"मग? कुठली ठेवायची?"

"एकतिसावी," ती म्हणाली. कान तापले होते, पण आता माघार नव्हती. "खरी आहे ती. मला तुम्ही आवडता."

तो हसला. ती खरोखरच पुढचं विसरली.

"मलाही तुम्ही. रोज सकाळी आधी तुमची ओळ वाचतो, मग कामाला लागतो."

"रोज? म्हणजे माझी चूक तुम्हाला..."

"पहिल्याच दिवशी कळली होती."

"दोन महिने! मग सांगितलं का नाही?"

त्याने तिचा कप तिच्यापुढे सरकवला.

"सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर तुम्ही लिहायचं थांबवलं असतंत."