ट्रम्पेटवाल्याचा मुलगा

दुसऱ्या मजल्यावर म्हातारा हसत उभा होता आणि त्याचा मुलगा कठड्याला धरून धापा टाकत होता.

"ऑपरेशन नक्की कोणाचं आहे?" भूल देणाऱ्या डॉक्टरने विचारलं.

"माझंच, बाई. हा दिवसभर बसून घड्याळं दुरुस्त करतो. जिना म्हणजे याला डोंगर!"

मुलगा तिच्याकडे बघून कसनुसा हसला. तिलाही हसू आवरेना.

म्हाताऱ्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. ते त्याला कितपत झेपेल, नंतर काय त्रास होऊ शकेल, हे आधी ठरवायचं काम तिचं. तपासण्या ती बघायचीच, पण माणसाला स्वतःबरोबर जिनाही चढायला लावायची आणि चढताना गप्पा मारायची. चढता चढता ज्याला बोलता येतं, त्याची तिला कमी काळजी वाटायची. म्हातारा बँडमध्ये ट्रम्पेट वाजवणारा. तो तर विनोद सांगत चढला.

"सिगारेट?"

"छे! या तोंडाला फक्त ट्रम्पेट लागतो."

मुलगा स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला.

थोड्या वेळाने तो एकटाच परत आला. तिच्या खोलीच्या दारातच थांबला.

"बाबा ओढतात. न्हाणीघरात, लपून. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला होता मी. पण... नंतर काही झालं तर?"

"ओढणाऱ्याच्या छातीत कफ साठतो. खोकल्याची उबळ आली की टाक्यांवर ताण येतो. न्यूमोनियाही होऊ शकतो. सांगितलंत ते बरं केलंत."

"तुम्ही तरी बरं म्हणालात. घरी काय होणार ते दिसतंच आहे."

तिने ऑपरेशन दीड महिना पुढे ढकललं आणि सिगारेट बंद करायला लावली. चहाडी कोणी केली हे म्हाताऱ्याला लगेच कळलं. त्याने मुलाशी बोलणंच टाकलं. तपासणीला दोघं एकत्र यायचे, पण बाकावर मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा सोडून.

"अजून अबोला?" तिने एकदा हळूच विचारलं.

"मीठ हवं असलं तर मांजराला सांगतात."

"मग मांजर देतं?"

"मी देतो. आभार मांजराचे."

ती इतकी हसली की बाहेरून नर्स डोकावली. तेवढ्यात त्याचं लक्ष तिच्या मनगटाकडे गेलं.

"तुमचं घड्याळ मागे आहे."

"अहो, नाडी मोजते मी यावर!"

"म्हणूनच म्हणतो... काढा बघू."

पट्टा सोडताना त्याची बोटं तिच्या मनगटाला लागली. दोघंही उगाचच गंभीर झाले. पुढच्या खेपेला घड्याळ बरोबर चालत होतं. ती मात्र त्यांच्या तपासणीच्या दिवशी सकाळपासून दाराकडे बघायला लागली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तो म्हणाला, "डॉक्टर, तुम्हाला एक विचारायचं होतं... कामाचं नाही."

काय ते तिला कळलं.

"आज नको," ती म्हणाली. "उद्या तुमच्या वडिलांचा श्वास माझ्या हातात असेल. हात स्थिर राहू दे माझा."

त्याने मान डोलावली आणि वडिलांचे रिपोर्ट पिशवीत भरू लागला. त्याचं ते थांबणंही तिला आवडलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. म्हातारा शुद्धीवर येऊ लागला तसं तिने वाकून नेहमीप्रमाणे विचारलं, "ऐकू येतंय का? बरोबर कोण आलंय तुमच्या?"

डोळे किलकिले झाले. "मुलगा... चुगलखोर आहे." मग जरा वेळाने, "पण माझ्यासाठीच केली चुगली. बोलवा ना त्याला, बाई."

तो बाहेर भिंतीला टेकून उभा होता.

"श्वास छान चाललाय," ती म्हणाली. "खोकला नाही. तुम्हाला बोलावलंय."

"मला? स्वतः?"

"स्वतः."

त्याने बाहीने डोळे पुसले, दाराकडे निघाला, आणि अर्ध्यात वळला. "डॉक्टर, मग आता ते... विचारू का?"

"आधी आत जा. ते वाट बघताहेत." तिने त्याच्यासाठी दार उघडून धरलं. "माझं उत्तर हो आहे. तुम्ही सावकाश विचारा."